राहिलेलं मयत

टिमी क्विलिगननं कार्ड टेबलावर ठेवलं आणि एका बोटानं पुढं सरकवलं. काळ्या कडेचं, वर मारियामातेचं चित्र असलेलं, मयताच्या घरी धाडायचं नेहमीचं कार्ड. 'यांच्या आत्म्याला चिरशांती लाभावी म्हणून पवित्र मिस्सा अर्पण केली जाईल,' असं छापलेलं, आणि खाली मोकळ्या ओळीवर निळ्या शाईनं नाव घातलेलं : टिमथी क्विलिगन. त्याखाली फादरची सही. आणि सगळ्यात खाली, अख्खं लिमरिक शहर लांबून ओळखेल अशी लपेटदार सही : रेडमंड स्किहॅन, खासदार.

"पोस्टानं आलं, मालक," टिमी म्हणाला. "मंगळवारी. माझं मीच फोडलं."

रेडमंडला आधी हसू आलं. म्हणजे त्यानं ते आणलं. वीस वर्षं दर शनिवारी दुपारी पबच्या या मागच्या खोलीत बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकताना ते हसू त्याला इतकं सवयीचं झालं होतं, की आता ते आधी यायचं आणि तो मागून पोचायचा. "अरे टिमी! शंभर वर्षं आयुष्य आहे बघ तुला!" असं म्हणत त्यानं टेबलावरून हात पुढं केला. टिमीनं हात घेतला नाही. टोपी मांडीवर ठेवून तो तसाच बसून राहिला. अंगातला कोट दोन मापं मोठा दिसत होता आणि मान कॉलरमध्ये सैल फिरत होती. "शंभर नकोत," तो म्हणाला, "डॉक्टर म्हणतो मे महिना दिसला तरी पुष्कळ. म्हणजे तुमची फार काही चूक झाली नाही, मालक. दोन महिन्यांची घाई झाली, एवढंच." बाहेर बाकावर सहा-सात माणसं खोळंबली होती. कुणाला नगरपालिकेचं घर हवं होतं, कुणाच्या आईला इस्पितळात खाट. दाराच्या फटीतून त्यांचा खोकला आणि मध्येच डिनी हार्टिगनचा मोठा आवाज ऐकू येत होता. डिनी हा रेडमंडचा ड्रायव्हर, हरकाम्या, आणि निवडणुकीत मतं मोजताना कठड्यावरून वाकून कुठल्या गल्लीची मतं कुणाला गेली ते सांगणारा. एरवी असा कोणी आत जरा रेंगाळला की डिनी दारावर टकटक करायचा. आज तोही करीना.

चूक कशी झाली ते रेडमंडला लख्ख माहीत होतं, आणि तेच त्याला नको होतं. रोज सकाळी न्याहारीच्या टेबलाशी डिनी पेपरातल्या निधनवार्ता वाचून दाखवी. कोण गेलं, कुठल्या गल्लीतलं, संध्याकाळी मयत कुठल्या चर्चमध्ये आणणार, पुढच्या बाकावर कोण कोण बसणार. रेडमंड टोस्टला लोणी लावत सगळं ध्यानात ठेवी, आणि संध्याकाळी त्या रांगेत उभा राहून एकेकाचा हात हातात घेई, डावा हात त्याच्या कोपराला लावी आणि म्हणे, "तुमच्या दुःखात सहभागी आहे." असली हजारो मयतं त्यानं केली होती. विरोधी पक्षाचे लोक चिडून म्हणायचे, की हा माणूस मेलेल्यांच्या जिवावर निवडून येतो. म्हणोत. पण मागच्या शुक्रवारी डिनीनं वाचलं, 'टिमथी क्विलिगन, निकोलस स्ट्रीट,' आणि रेडमंडचा चाकू टोस्टवर थांबला. "आपला टिमी?" डिनी म्हणाला, "आपला आयलंड रोडला नाही का राहत? विचारून येतो की." "नको," रेडमंड म्हणाला, "घर बदललं असेल त्यानं. आपलाच तो." एवढ्या नावांत, एवढ्या वर्षांत, आधी खात्री करून घेतल्याशिवाय त्यानं कधी कार्ड धाडलं नव्हतं. त्या दिवशी मात्र त्यानं खात्री करून घेतली नाही. डब्लिनला मंत्र्यांकडं जायचं होतं म्हणून संध्याकाळी मयताला जाता येणार नव्हतं, तेव्हा ऑफिसातल्या पोरीला न सांगता त्यानं स्वतःच्या हातानं कार्ड भरलं, सवयीनं आयलंड रोडचाच पत्ता घातला आणि स्वतः पेटीत टाकलं. आणि मग परत येऊन बसला आणि आणखी एक अंडं मागून घेतलं. खरं सांगायचं तर त्या सकाळी त्याला भूक लागली होती. पोटात इतकी मोकळी जागा आहे हे त्याला कित्येक वर्षांत जाणवलं नव्हतं.

"सोमवारी पेपरात येणार म्हणे," टिमी म्हणाला. "कामगारांच्या सुरक्षेचं नवं मंडळ. तुम्ही पहिले अध्यक्ष."

"कुणी सांगितलं तुला?"

"डिनीनं. तो कुणाला सांगायचा राहिलाय?" टिमीनं खोकला आवरला. "मी काही आडवा येणार नाही. तुम्ही व्हा अध्यक्ष, नाहीतर पोप व्हा. मला एकच पाहिजे. मी जायच्या आत पेगच्या दारात उभं राहायचं आणि तिला सांगायचं, की जाळी काढायला टिमीला मी सांगितलं. बस्स. तुमच्या तोंडानं."

जाळी. सव्वीस वर्षांत हा शब्द कुणी त्याच्यासमोर उच्चारला नव्हता, आणि तरीही तो ऐकताच त्याच्या नाकात साखरेच्या पाकाचा आणि गरम मैद्याचा वास शिरला. ऑक्टोबर अठ्ठावन्न. वडिलांच्या मागून बिस्किटांचा कारखाना त्याच्या हातात येऊन तीनच वर्षं झालेली, आणि नाताळची मागणी अशी तुटून पडलेली की दोन्ही पाळ्या पुऱ्या पडेनात. कणीक लाटणारे ते दोन मोठे रोलर, आणि त्यांच्यासमोर माणसाचा हात आत जाऊ नये म्हणून बोल्टांनी आवळलेली लोखंडी जाळी. कणीक जाळीत अडकायची, दर तासाला यंत्र बंद करून खरवडावी लागायची, आणि तो वर काचेच्या खोलीतून खाली बघत घड्याळाकडं डोळे लावून बसायचा. एका सकाळी खाली उतरला आणि म्हणाला, "टिमी, काढ ती. नाताळपुरती." टिमी फिटर होता. पाना हातात धरून म्हणाला, "नको, मालक. तिथं मॉसी उभा असतो." मॉसी म्हणजे टिमीचा धाकटा भाऊ, पेगचा नवरा. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "मालक, नको." तेव्हा रेडमंड म्हणाला होता, "मॉसी काय कुक्कुलं बाळ आहे का? काढ म्हणतो ना." हेच शब्द. इतक्या वर्षांत भाषणं आली आणि गेली, पंतप्रधानांसमोर काय बोललो ते आठवत नाही, पण हे आठ-नऊ शब्द जसेच्या तसे, आणि त्यांच्यामागं बोल्ट फिरण्याचा करकर आवाज. नवव्या दिवशी मॉसीची बाही गेली, मग हात, मग खांदा. यंत्राचं बटण दाबायला कोणी धावेपर्यंत सगळं आटोपलं होतं, आणि तरी मॉसी दोन दिवस इस्पितळात जिवंत होता. रेडमंड इस्पितळात गेला नाही. वकील म्हणाला, जाऊ नका, गेलात की काहीतरी बोलाल. मयतालाही गेला नाही. वकील म्हणाला, मोठा हार पाठवा. त्यानं मोठा हार पाठवला.

आणि मग ती संध्याकाळ. मॉसीला पुरून दोन दिवस झालेले, चौकशीचे साहेब उद्या डब्लिनहून येणार, आणि वर काचेच्या खोलीत टिमी अजून मयताच्याच कोटात उभा. रेडमंडनं त्याला धमकावलं नव्हतं, हे तो स्वतःला कितीतरी वेळा बजावत आला होता. त्यानं फक्त खाली बोट दाखवलं होतं. खाली पाकिटं चिकटवणाऱ्या पोरी, भट्टीवरचे म्हातारे, दोनशे माणसं. मालकानं सांगितलं असं निघालं तर कारखान्याला कुलूप, टिमी, ऐन नाताळात. फिटरनं आपल्या मनानं काढली असं निघालं तर तुला बोल लागतील, पण ही माणसं राहतील. टिमीला ही खालची माणसं नावानिशी ठाऊक होती, म्हणून तर ते लागू पडलं. तो रडला नाही की भांडला नाही. एवढंच म्हणाला, "मला असलं लिहिता येत नाही, मालक." रेडमंडनं कागद पुढं केला होता आणि म्हणाला होता, "मी सांगतो, तू लिही." त्या रात्री अंथरुणात ऊनानं, त्याच्या बायकोनं, विचारलं होतं, "तू तर नाही ना सांगितलंस त्याला?" तो "नाही" म्हणाला आणि तिनं दिवा घालवला. जाईपर्यंत तिनं पुन्हा विचारलं नाही. ती गेली तेव्हा चर्चबाहेर रांग पुलापर्यंत लागली होती, आणि तीन तास सगळं शहर त्याचा हात दाबून म्हणत होतं, की तुमच्या दुःखात सहभागी आहोत.

"पेग माझ्याशी बोलत नाही," टिमी सांगत होता. "सव्वीस वर्षं. एका चर्चला जातो आम्ही. मी डावीकडं बसतो, ती उजवीकडं. मॉसीची पोरं माझ्या अंगाखांद्यावर खेळलेली, ती मला बघून रस्ता ओलांडतात. आता मी जाणार. पुढच्या बाकावर कोण बसणार माझ्या? तुमचा हात घ्यायला तरी कोणी पाहिजे की नाही?"

रेडमंडनं घसा साफ केला. "टिमी, तुझं म्हणणं माझ्या ध्यानात आलं. पाहतो मी काय करता येईल ते."

हे वाक्य त्यानं घरासाठी, खाटेसाठी, नोकरीसाठी, पेन्शनीसाठी इतक्या वेळा उच्चारलं होतं, की ते तोंडातून बाहेर पडल्याचं त्याला कळलंही नाही. टिमीच्या तोंडाकडं बघितलं तेव्हा कळलं. टिमी संतापला होता. फिक्या गालांवर दोन लाल ठिपके उमटले.

"पाहायचं काय त्यात?" तो म्हणाला. "पाहायचं काही नाही. सांगायचंय."

दोन मिनिटांनी रेडमंड कोट चढवून बाहेर आला, तेव्हा बाकावरची सगळी उठून उभी राहिली. "पुढच्या शनिवारी," तो म्हणाला. कुणी कुरकुर केली नाही, आणि टिमीला त्याच्याबरोबर जाताना बघून कुणाला नवलही वाटलेलं दिसलं नाही, हे त्याला जरा खटकलं. गाडीत टिमी डिनीशेजारी बसला, तो मागं. नदीवरून बोचरा वारा येत होता आणि किल्ल्याच्या भिंतीपाशी पोरं चेंडू आपटत होती. रेडमंडच्या खिशात डब्लिनचं पत्र होतं, सरकारी शिक्क्याचं, आणि आता त्याच्यावर ते कार्ड. मन नको तेवढं भराभर चाललं होतं. पेगला सांगितलं तर ती उद्या चर्चबाहेर बोलणार, सोमवारी पेपरवाले येणार. किंवा बोलणार नाही. म्हातारी बाई, मुलं नोकरीत, थोरल्याला बंदरात आपणच चिकटवलं. छे! चिकटवलं म्हणे. आत्ता, या गाडीत, टिमीच्या वाळक्या मानेमागं बसून आपण हिशेब करतोय, आणि आपल्याला लाज वाटायची ती वाटत नाही, नुसता तळव्यांना घाम येतोय. तो हात पँटीला पुसत राहिला. मयताच्या रांगेत ओला हात कोणाला आवडत नाही, हे तो नव्या उमेदवारांना शिकवत असे.

दार पेगनंच उघडलं. साठी उलटलेली, ताठ, हाताला पीठ. टिमी फाटकाशीच थांबला होता. रेडमंडनं गाडीत चार वाक्यं जुळवली होती, पण त्याचा उजवा हात आपोआप पुढं गेला, डावा तिच्या कोपराकडं निघाला, आणि तोंड म्हणालं, "तुमच्या दुःखात सहभागी आहे, पेगबाई."

तिनं त्या हाताकडं बघितलं. मग त्याच्या तोंडाकडं.

"कोण गेलं?"

असं त्याला कोणी कधी विचारलं नव्हतं. त्याच्या पाठीमागं रस्त्यानं एक सायकल गेली, तिची घंटी वाजली. हात तसाच हवेत होता, आणि तो खाली घ्यावा की नाही हेही त्याला सुचेना.

"मॉसी," तो म्हणाला.

"मॉसीला सव्वीस वर्षं झाली, स्किहॅनसाहेब."

"जाळी काढायला मी सांगितलं होतं. टिमी नको म्हणत होता. दोनदा म्हणाला. मी ऐकलं नाही. आणि मग त्याच्याकडून लिहून घेतलं ते खोटं होतं. मी सांगितलं, त्यानं लिहिलं." आवाज त्याचा नव्हता. सभेतला नव्हता, चर्चमधला नव्हता, आणि तिसरा असा त्याला कुठला माहीतच नव्हता. आता ही ओरडेल, तोंडावर थुंकेल, आत जाऊन पोरांना हाक मारील, म्हणून तो अंग आवळून उभा राहिला.

"माहीत आहे मला," पेग म्हणाली.

तिनं हात ॲप्रनला पुसले. "दोन दिवस जिवंत होता मॉसी. मुका नव्हता झाला. टिमी नको म्हणत होता, पेग, त्याला बोल लावू नकोस, हेच शेवटचं बोलला." मग ती रेडमंडच्या खांद्यावरून पलीकडं बघत म्हणाली, आणि आता मात्र तिचा आवाज चढला, "आणि हा गेला की कागदावर सही करायला! मातीचे हात धुतले नाहीत तोवर! भावाच्या मरणावर खोटी सही! आज येईल, उद्या येईल, दारात उभा राहून सांगेल, म्हणून वाट बघत होते मी. पाय मोडले होते तुझे?"

"मला वाटलं, तुला वाटतंय..." टिमी फाटकातून म्हणाला.

"वाटलं म्हणे! सव्वीस वर्षं नुसतं वाटतंय मेल्याला!"

"मेलो नाही अजून," टिमी म्हणाला. "तेच सांगायला आलोय."

पेग हसली नाही. "काय झालंय तुझ्या मानेला?" ती म्हणाली. "काय दशा करून घेतलीस रे. ये आत. भाकरी भट्टीतनं काढायची आहे. ये म्हणते ना." टिमी टोपी चुरगळत रेडमंडच्या बाजूनं गेला, त्याच्याकडं न बघता, आणि उंबऱ्यावर अडखळला तेव्हा पेगनं त्याला दंडाला धरलं. रेडमंडनंही नकळत एक पाऊल पुढं टाकलं होतं.

"तुम्ही नको," ती म्हणाली, सरळ, राग नसलेल्या आवाजात. "सांगितलंत ते बरं केलंत. पण मला सांगून काय? मला माहीत होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना जाऊन सांगा." आणि तिनं दार लावलं.

गाडीत बसल्यावर पहिली गोष्ट त्याला जाणवली ती ही, की तो सुटला होता. पेग कुणाला सांगणार नाही. सांगायचं असतं तर केव्हाच सांगितलं असतं. टिमी मे महिन्यापर्यंत. झालं. सोमवारी नाव छापून येईल, मंगळवारी अभिनंदनाच्या तारा, आणि देशभरच्या यंत्रांवर जाळ्या आहेत की नाहीत ते तो तपासत फिरेल, चांगलं काम करील, मनापासून करील, कारण जाळी नसली की काय होतं हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक आहे? कोणी विचारणारं उरलं नव्हतं. आणि त्या दिवशी न्याहारीला जी मोकळी जागा पोटात झाली होती, ती पुन्हा होईल म्हणून तो वाट बघत बसला, पण ती झाली नाही.

"बॉस," डिनी म्हणाला, "आज संध्याकाळी तीन आहेत. सेंट मेरीजला बोलर बाई, मग..."

"डिनी, ती जाळी मी काढायला लावली होती."

डिनीनं पेपरची घडी घातली. "ठाऊक आहे, बॉस."

"पेगनं सांगितलं?"

"पेग कशाला सांगतेय? यंत्राशी मॉसी एकटा होता थोडाच. माझी बहीण होती तिथं पाकिटांवर. अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. पोराटोरांना ठाऊक आहे." तो हातातल्या स्टीअरिंगकडं बघत बोलत होता. "टिमीनंच सगळ्यांना गप्प राहायला लावलं, म्हणाला कारखाना राहू दे. मग काय, राहिलं ते राहिलंच."

रेडमंडला एकदम ते सगळे हात आठवले, खरखरीत, मऊ, थंड, वीस वर्षांतले, एकेक करून त्याच्या हातात आलेले. त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तो कोपराला हात लावून हळू आवाजात दुःखात सहभागी होत होता, आणि ते सारे मान हलवत त्याच्याकडं बघत होते, आपल्याला ठाऊक आहे हे याला ठाऊक नाही, हे ओळखून असलेले. त्याला गाडीचं दार उघडून पळत सुटावंसं वाटलं, पण कुठल्या गल्लीत पळणार?

"मग मतं का दिलीत रे मला?"

डिनीनं पेपर बाजूला ठेवला. "तुम्ही येता म्हणून, बॉस. गरीब असो श्रीमंत असो, सगळ्यांच्या मयताला येता. माणसं ते विसरत नाहीत." त्यानं किल्ली फिरवली आणि इंजिन सुरू झाल्यावर, रस्त्याकडं बघत म्हणाला, "एकाच मयताला आला नव्हतात. तेही विसरत नाहीत."

कोपऱ्यावर टेलिफोनचं खोकं होतं. रेडमंडनं गाडी थांबवायला सांगितली. ज्याला माहीत नाही असं आता या शहरात कोणी उरलंच नव्हतं, माहीत नसलेले सगळे डब्लिनमध्ये होते. शिक्क्याच्या पत्राच्या मागं मंत्र्यांच्या सचिवांनी घरचा नंबर लिहून दिलेला होता, केव्हाही फोन करा म्हणून. खोक्यात लघवीचा आणि जुन्या सिगरेटींचा वास होता. काचेतून डिनी दिसत होता, टोपी काढून बसलेला. घंटी बराच वेळ वाजली, आणि सचिव प्रेंडरगास्ट यांनी फोन उचलला तेव्हा मागं मुलांचा दंगा आणि काटे-चमच्यांचा आवाज येत होता.

"सोमवारचं नाव थांबवा," रेडमंड म्हणाला.

"तब्येत बरी आहे ना, खासदारसाहेब?"

"माझ्या कारखान्यात एक माणूस गेला होता. अठ्ठावन्न साली. चौकशीत जे नोंदलं ते खोटं आहे. यंत्राची जाळी माझ्या हुकमानं काढली होती."

तिकडचा दंगा बंद झाला. कोणीतरी दार लावून घेतलं असावं. मग प्रेंडरगास्ट खाकरले, आणि त्यांचा आवाज आला तेव्हा तो इतका समजूतदार, इतका मऊ, इतका ओळखीचा होता, की रेडमंडला क्षणभर वाटलं आपणच दोन्ही टोकांना बोलतोय. "फार जुनी गोष्ट आहे ही. आता तो कागदसुद्धा कुठं असेल कोण जाणे. तुम्ही शांतपणे घरी जा. कोणाशी बोलू नका. मी पाहतो काय करता येईल ते."

"पाहायचं काही नाही त्यात," रेडमंड म्हणाला. त्याचा हात रिसीव्हरभोवती ओला झाला होता, आणि या खेपेला त्यानं तो पुसला नाही. "कागद घ्या, प्रेंडरगास्ट. मी सांगतो, तुम्ही लिहा. सही मी करणार आहे."